वादळ गुजरातकडे ने

२०१९ साली दिवाळी उलटली तरी पाऊस आमच्या कैनाड गावातून हलायला तयार नव्हता. कापलेलं भात शेतात भिजत पडलं होतं आणि काही लोंब्यांना कोंब फुटले होते. त्यातच बातमी आली की अरबी समुद्रातलं एक वादळ दूर जातंय न जातंय तोच दुसरं उठलंय, आणि ते पालघरच्या किनाऱ्याकडे येऊ शकतं.

मी तेव्हा चारोटीला, हायवेवरच्या एका मोबाईलच्या दुकानात कामाला होते. गिऱ्हाईक नसलं की फोनवर वादळाचा नकाशा उघडून बसायचे. त्यात समुद्र लालभडक दाखवलेला असायचा. पाणी नेहमीपेक्षा तापलंय आणि तापलेल्या पाण्यावर वादळ पोसतं, असं खाली लिहिलेलं. ते वाचून मी काय दिवे लावणार होते? तरी पुन्हा पुन्हा बघायचे. "तू सारखी बघतेस म्हणून काय ते लाजून परत जाणार आहे?" दुकानाचा मालक म्हणायचा.

घरी बाबांचा जीव भातात अडकला होता. वर्षाचं खाणं होतं ते. एका सकाळी ते गावदेवीला गेले, नारळ ठेवला आणि कोंबड्याचा नवस बोलून आले. वादळ इथून हलव, वर गुजरातकडे ने, असं मागणं घातलं. यात आम्हाला कुणालाच काही वावगं वाटलं नाही. तलासरी ओलांडली की गुजरात लागतो. जे नको असेल ते वर जाऊ दे, असं म्हणायची आमच्याकडे सवयच आहे.

दुसऱ्याच दिवशी अंदाज बदलला. नकाशावरचा बाण सौराष्ट्राकडे वळला होता. मी मालकाकडून सुट्टी मागून घेतली आणि जीप पकडून घरी आले. "वळलं, बाबा. गुजरातला चाललंय." बाबांनी देवीच्या दिशेने हात जोडले आणि लगेच अंगणात कोंबडा हेरायला लागले. मीही हसत होते. आई चहा गाळत होती, तिचा हात तसाच थांबला.

"तिकडं आपला पोर हाय ना," ती म्हणाली.

माझा मोठा भाऊ, दादा, सौराष्ट्रातल्या वेरावळच्या एका मच्छीमार बोटीवर खलाशी होता. आमच्याकडची पुष्कळ पोरं पाऊस सरत आला की तिकडच्या बोटींवर जातात. पण घरात कुणी 'समुद्रावर गेला' म्हणत नाही, 'वेरावळला गेला' म्हणतात, वापीला कंपनीत गेल्यासारखं. त्यामुळे आमच्या डोक्यात दादा कायम जमिनीवरच असायचा. मागच्या खेपेला तो स्वतः सांगत होता की पाणी हातालासुद्धा कोमट लागतं, मासा लांब गेलाय, बोट समुद्रात पार आत न्यावी लागते आणि लवकर बंदरात येत नाही. आम्ही ऐकून घेतलं आणि जेवायला नीट मिळतं का, तेवढं विचारलं.

दादाचा फोन लागेना. बाबा ओट्यावर बसले ते उठेनात. मग म्हणाले, "देवीनं ऐकलं. बोललेलं फेडायला पायजे."

"कोंबड्याला हात लावायचा नाय," आई म्हणाली. "पोराचा फोन येऊ दे, मग काय ते फेडा."

"आन् ती कोपली तर? कोणावर कोपेल, माहीत हाय ना?"

आई कोंबडा टोपलीखाली झाकून टोपलीपाशीच बसून राहिली. मला दोघांचंही पटत होतं आणि दोघांचाही राग येत होता. फेडला तर वादळ तिकडे नेल्याबद्दल देवीचे आभार मानल्यासारखं झालं असतं, न फेडला तर तिला फसवल्यासारखं. शेतातलं भात कुणी उचललं नाही.

दुसऱ्या दिवशी दुकानात गेले. हायवेवर गुजरातचा ट्रक थांबला की मी ड्रायव्हरला विचारायचे. एक भला माणूस म्हणाला, "बधी बोट पाछी आवे छे, बेन." सगळ्या बोटी परत येतायत, हे ऐकून बरं वाटतंय तोच म्हणाला, "पण दूर गयेलीनी खबर नथी." लांब गेलेल्या बोटींचं काही कळत नव्हतं, आणि आमची तर लांबच गेलेली. नकाशा बघायची माझी हिंमतच गेली.

फोन आला तेव्हा मी कुणाचं तरी सिमकार्ड घालत होते. अनोळखी नंबर होता. "बंदरात पोचलो," दादा म्हणाला. बोटी इतक्या दाटल्यात की एकीवरून दुसरीवर पाय टाकत धक्क्याला यावं लागलं, असंही म्हणाला. मला रडूच फुटलं. तो आपला विचारतोय, "भात घरात आलं का?"

त्या संध्याकाळी बाबांनी कोंबडा फेडला. आई सोबत गेली नाही. वादळ किनाऱ्याला येईपर्यंत बरंच ढिलं पडलं, असं पुढे टीव्हीवर सांगितलं. दादाची बोट पुन्हा समुद्रात आत गेली.

डिसेंबर लागला तशी समुद्रात आणखी एक वादळ उठल्याची बातमी आली. मी घरी येऊन सांगितलं. बाबांनी नारळ घेतला आणि देवळाकडे गेले, पण लगेचच परतले.

"काय मागितलं?" आईने विचारलं.

"नारळ ठेवला, हात जोडलं न् आलो," बाबा म्हणाले. "कोणच्या बाजूला ने म्हणू, तेच सुचेना."