पाच पाट

आमच्या घरात कॉलेजात जाणारी मी पहिली. वर्गात शिकलेलं घरी येऊन आईला सांगायची मला सवय आहे. त्यातलं तिला किती कळतं आणि कुठे ती नुसतं माझं मन राखते, हे मला अजून ओळखता येत नाही.

त्या दिवशी बाईंनी व्यापारबंदी शिकवली होती. एखाद्या देशाला नमवायचं तर सैन्यच पाठवावं लागतं असं नाही, त्याच्याशी देणंघेणं थांबवलं तरी चालतं. अमेरिकेने क्युबावर कित्येक दशकं अशी बंदी ठेवली आहे. अरब देशांनी तेल अडवलं तेव्हा श्रीमंत देशांत पेट्रोलसाठी रांगा लागल्या. इराकमध्ये साधी औषधं मिळेनाशी झाली, राज्यकर्ता मात्र खुर्चीवरच राहिला.

"म्हणजे ज्याला वाकवायचं तो तसाच, आणि भोगतात भलतेच," मी आईला म्हणाले. ती भाकरी थापत होती.

खिडकीतून समोरच्या काकूंचा मांडव दिसत होता. दुसऱ्या दिवशी त्यांच्या मुलीची हळद होती. मी सहज विचारलं, "घाणा भरायला कधी जाणार तू?"

आमच्या धायरी गावात हळदीच्या आधी पाच सवाशिणी दोन मुसळं एकत्र बांधून उखळात हळद कांडतात. तो घाणा. आमच्या आळीत आईशिवाय तो भरलेला मी पाहिला नव्हता.

"जायचं न्हाई," आई म्हणाली. "काकांनी रस्त्याला जागा दिली न्हाई, कोर्टात गेले. त्यांच्याशी कुणी येणंजाणं ठेवायचं न्हाई, असं गावकीत ठरलंय."

"कधी?"

"झाला की महिना."

महिनाभर मी त्याच दारावरून जात होते. दूधवाला तिथे थांबत नाही, हे दिसलं होतं. ॲपवरून मागवत असतील, असं मी समजले होते.

"आई, असं वाळीत टाकणं गुन्हा आहे. कायदा आहे त्याला."

"तुझं लगीन निघालं की कायदा येणार हाय का तुझ्या हळदीला?"

मी तशीच चपला घालून समोर गेले.

ओसरीवर पाच पाट मांडलेले होते. प्रत्येकासमोर ओटीचं ताट, खण, नारळ. पाटांवर कुणीच नव्हतं. काकू एकट्याच उखळापाशी बसल्या होत्या.

"ये," त्या म्हणाल्या. "हळद ॲपवर मिळाली बघ. धा मिनिटांत. सवाशिणी ठेवत न्हाईत म्हणं ते."

मला हसू आलं नाही. त्यांनाही नाही. आतल्या दारात नवरी उभी होती, ती आमच्याकडे बघत नव्हती.

"काकू, माझं तर लग्न नाही झालेलं."

"हात हायेत न्हवं? धर."

आम्ही दोघींनी मुसळं धरली. ती पाच जणींसाठी बांधलेली, फार जड होती. थोड्याच वेळात मी दमले.

पाणी प्यायला घरी आले तेव्हा आई माझ्या पिवळ्या हातांकडे बघत राहिली.

"कोण कोण आल्यात?"

"कुणी नाही. काकू आणि मी."

"कुणीच न्हाई?" तिच्या हातातलं पीठ तसंच राहिलं. "मला वाटलं, गावकीला भिऊन मी एकटीच घरात बसलेय. बाकीच्या गपचूप गेल्या असतील."

तिने गॅस बंद केला. हात न धुताच पदर डोक्यावर घेतला आणि दाराकडे निघाली.