विहिरीचं पाणी चाखणारा मास्तर

आमच्या विहिरीवर येणारा कॉलेजातला मास्तर आधी पाणी जिभेवर घ्यायचा, मगच खारेपण मोजायचा मीटर बुडवायचा. आकडा जिभेशी जुळला की स्वतःशीच हसायचा. शेजारच्या आचोळ्याकडे बिल्डिंगी वाढल्या, त्यांच्या बोअरी जमिनीतलं गोडं पाणी ओढू लागल्या, तशी माझी विहीर खारट होत गेली आणि केळीची पानं कडेने करपायला लागली. त्याने एकदा दगडमातीचं शिकलेली बाई आणली, एकदा पंपाचा मिस्त्री, एकदा झाडांचा जाणकार. तिघांचं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "काका, पंप दोन हात वर घ्या. गोडं पाणी खाऱ्यावर तरंगतंय. थोडं थोडं उपसा."

मी तर विहीर आणखी खोल खणायला निघालो होतो. म्हटलं, "मास्तर, बुकं वाचून पानी वर चढवनार काय?"

"खारेपण कमी झालं नाही, तर मीच पंप परत खाली सोडीन," म्हणाला आणि पँट दुमडून स्वतः विहिरीत उतरला. शेवाळावर घसरला, पण पंपाचा दोर सोडला नाही; पंप दोन हात वर बांधूनच बाहेर आला.

पुढची पानं हिरवीगार आली. मी त्याला शाबासकी दिली नाही. पण आता तो आला की पाणी आधी मी चाखतो, खारट किती ते सांगतो, मग तो मीटर बुडवतो. मीटर अजून चुकलेला नाही.