ब्रेक्क्यांच्या शेजारची जमीन

सिग्ने हाउगेन थंडीला भ्यायली असती तर बरं झालं असतं. पण जन्म नॉर्वेच्या डोंगरात, संसार मिनेसोटात. तिला बर्फाचं काय कौतुक? नवरा वारल्यावर सहा वर्षं ती दिराच्या घरी राबली. आता दीर एप्रिलमध्ये लग्न करणार होता, आणि होणाऱ्या जावेने आधीच निरोप धाडला होता की माझ्या स्वयंपाकघरात दुसरी बाई नको. म्हणजे सिग्ने आणि तिची चौदा वर्षांची आल्मा, दोघी रस्त्यावर.

विधवेलाही सरकारी जमीन मिळायची. पाच वर्षं तिथे राहायचं, ती कसायची, मग ती आपली. मेख एकच होती, हा हक्क जन्मात एकदाच. निवड चुकली की संपलं. म्हणून आल्माला मागे ठेवून ती ऐन मार्चमध्ये मोंटानाच्या उत्तर टोकाच्या या जिल्ह्यात आली. उन्हाळ्यात सगळीच जमीन गोजिरी दिसते, हिवाळ्यात पाहिली तर फसगत नाही, असा तिचा विचार. शहाणीच म्हणायची.

जमीन दाखवायला तिथलाच एक शेतकरी, आमुंड ब्रेक्के, आला. त्याने तोंड उघडलं आणि सिग्नेला भरून आलं. तिच्याच खोऱ्याची बोली! आम्हा नॉर्वेच्या लोकांची ही खोडच आहे. परक्याने सोन्याची खाण दाखवली तर आम्ही दहा प्रश्न विचारू, आणि आपल्या खोऱ्यातल्याने खड्डा दाखवला तरी डोळे मिटून उडी मारू.

"थंडी कितपत पडते?" बर्फावर घोड्याने ओढायच्या घसरगाडीत बसल्यावर तिने विचारलं.

"पडते की. परवा आमची गाय माशी हाकलायला गेली, तर शेपटीच मोडली."

"मार्चमध्ये माशा?"

"तेच तर म्हणतो बाई, तिला अक्कलच नाही."

सिग्ने हसली. कित्येक महिन्यांत पहिल्यांदा. "शेजार?"

"हा काय, मी आहे ना."

"आणि दुसरा?"

"सात मैलांवर. माणूस भला आहे. बोलत नाही, एवढंच."

दोन दिवस हिंडून झालं. तिने विहिरीचं विचारलं, कुदळीने गोठलेली माती फोडून पाहिली, वाऱ्याचं विचारलं. तिसऱ्या दुपारी वारा भरारला, पुढचं दिसेना, तेव्हा आमुंडने घोडा एका रिकाम्या खोपटाकडे वळवला. या मुलुखात दाराला कुलूप लावत नाहीत. वाटसरूने यावं, शेगडी पेटवावी, आणि जाताना पुढच्यासाठी पेटी जळणाने भरून ठेवावी. एवढा एकच कायदा इथे सगळे पाळतात.

पेटी रिकामी होती. खाली अर्ध्या खोलीच्या फळ्याच नव्हत्या, उघडी माती होती. टेबलाला पाय नव्हते. पलंगाचे नुसते खिळे भिंतीशी पडले होते.

"कुठे गेली ही माणसं?"

"पाहुण्यांकडे," आमुंड म्हणाला, पण तिच्याकडे न बघता.

फळ्या, पाय, पलंग, सगळं शेगडीत गेलं होतं, हे सिग्नेला आता कळलं. तीन दिवसांत एकही झाड दिसलं नव्हतं, आणि हे तिच्या ध्यानातही आलं नव्हतं! जिच्या दाराशी जन्मभर जंगल, तिला जळणाचं विचारायचं सुचणार तरी कसं?

"इथे जाळतात काय?"

"कोळसा. खाण आहे ना."

"किती लांब?"

"अठ्ठावीस मैल."

"आणि आठवडाभर वादळ राहिलं तर?"

त्याने घसरगाडीची बसायची फळी मोडून शेगडीत घातली. मग म्हणाला, "फसवत होतो तुम्हाला. खरं आहे. माझी बायको रागना ऑक्टोबरपासून एकाही बाईमाणसाशी बोललेली नाही. माझ्याशीही बोलायची थांबली. कोंबड्यांशी बोलते, बाई. त्यांना नावं घेऊन रागावते. मला शेजार हवा. कसलाही."

सिग्नेला त्याच्या थोबाडीत मारावीशी वाटली. मारली नाही, कारण तो रडत होता.

वारा पडल्यावर तो तिला घरी घेऊन गेला. रागनाने कॉफी आणि लेफ्से, म्हणजे बटाट्याची पातळ पोळी, पुढे ठेवली, दोन्ही वेळा बशी हातातून निसटली. आमुंड घोडा सोडायला बाहेर गेला मात्र, तिने सिग्नेचं मनगट धरलं.

"येऊ नको गं इथं," ती कुजबुजली. "तो काहीही सांगेल. लेक आहे ना तुला? तिला घेऊन येऊ नको."

जा म्हणत होती आणि हात सोडत नव्हती. तिची नखं रुतली तरी सिग्नेने हात ओढून घेतला नाही.

दुसऱ्या दिवशी जमीन कचेरी दहाला उघडली, परतीची गाडी चारला होती. सिग्ने बाकावर बसून राहिली. परत जायचं तर कुठे? आल्मा कुणाच्या तरी घरी धुणीभांडी करणार, आपण दुसऱ्या कुणाच्या, आणि रविवारी एकमेकींना भेटायचं. इथे पाच हिवाळे. आगीतून फुफाट्यात, पण निदान दोघी एकत्र. दुपारी तीनला ती उठली.

"कोणता तुकडा?" कारकुनाने विचारलं.

"ब्रेक्क्यांच्या लगतचा."

तिने सही केली.

बाहेर आमुंड टोपी हातात घेऊन उभा होता.

"कोळशाला मे महिन्यातच जायचं," सिग्ने म्हणाली. "दोन गाड्या भरून. आणि रागनाला सांगा, मी तिचं ऐकलं नाही."

मग ती कचेरीच्या पायरीवर बसली आणि भर दिवसा, येणाऱ्याजाणाऱ्यांसमोर, हुंदके देऊन रडली.