गव्हाळवाडीच्या बेटावर, सुनंदाच्या नावेतून

"देवळं झाली, मॉल झाला. आता काहीतरी नवीन दाखवा," आत्यांनी निगडीला आमच्या घरी पिशवी ठेवता ठेवताच फर्मान काढलं. आत्या म्हणजे माझ्या नवऱ्याच्या, प्रसादच्या आत्या. राहणार लातूरकडच्या. प्रसाद महाळुंग्याच्या एका कंपनीत आहे आणि कंपनीच्या ग्रामविकास समितीतही. रविवारी त्याला गव्हाळवाडीला जायचंच होतं. गव्हाळवाडी म्हणजे धरणाच्या पाण्याने चारी बाजूंनी वेढलेली टेकडी आणि तिच्यावरची पंचवीस-तीस घरं. मी म्हटलं, आत्यांना बेट दाखवू. नावेतून जावं लागतं, हे मी मुद्दामच सांगितलं नाही.

तुम्ही जाणार असाल तर सकाळी लवकर निघा. तळवडे-महाळुंगे रस्त्यावर शिफ्टच्या बसगाड्या सुरू झाल्या की चाकणला पोचेपर्यंत चहाची नव्हे, जेवणाची वेळ होते. आम्ही वेळेत निघालो, म्हणून चाकणच्या चौकाजवळ मिसळ मिळाली. आत्यांनी तर्री चाखून "हे तर पोरांचं खाणं" असा शेरा मारला आणि दोनदा रस्सा मागवला. पुढे कंपन्यांच्या भिंती संपतात, कांद्याची शेतं लागतात, आणि एका वळणावर समोर एकदम पाणीच पाणी.

आत्या गाडीतून उतरल्या आणि बघतच राहिल्या. "आमच्याकडं घागरभर पाण्यासाठी टँकरमागं पळायले लोक, आन हितं हे सगळं उघड्यावर सांडलंय!" मग त्यांना काठाशी डुलणारी निळी नाव दिसली आणि कौतुक आटलं. "प्रसाद, मी गाडीत बसते. तुम्ही जाऊन या."

ही मोटारीची नाव समितीनेच दिलेली. ती चालवायला गावातली दोन पोरं शिकली, आणि शिकून झाल्यावर दोघांनाही चाकणला नोकरी लागली. मग बचत गटातली सुनंदा शिकली, रीतसर परवानाही काढला. पण गाव काही तिच्या नावेत बसेना. म्हातारी माणसं जुन्या वल्ह्याच्या होडीनेच जायची, आणि त्यांचं बघून बाकीचेही. नाव अशीच पडून राहिली तर समिती ती पलीकडच्या गावाला देणार होती. प्रसाद तेच पाहायला आला होता, आणि त्याचा चेहरा आधीच पडला होता. कारण नावेत सुनंदा एकटीच बसली होती आणि शेजारच्या होडीत माणसं दाटीवाटीने.

होडीतल्या एका फेटेवाल्या आजोबांनी आम्हाला हाक मारली. "पाव्हणं, हिकडं या. त्यात बसू नका. बाईच्या हातात नाव म्हंजी काय खरं न्हाई."

"हे आमचे सासरे, तात्या," सुनंदाने हसून ओळख करून दिली. जणू ते तिचं कौतुकच करत होते.

आत्या गाडीच्या दाराशी थांबल्या. वळल्या. "काय म्हणले ते?"

मी सांगितलं.

"असं व्हय?" म्हणत आत्या तरातरा चालत आल्या आणि सुनंदाचा हात धरून नावेत चढल्या. केशरी लाइफ जॅकेट चढवल्यावर स्वतःकडे पाहून म्हणाल्या, "गॅसची टाकी दिसायले की मी!" मग त्यांनी डोळे मिटून घेतले, आणि पाण्यावर होतो तोवर माझं मनगट सोडलं नाही. वळ सोमवारपर्यंत होते. सुनंदाने मात्र नाव अशी अलगद काठाला लावली की पोचलोय हे आत्यांना सांगावं लागलं.

बेट पायी फिरायला तासभर पुरतो. सौर दिवे आहेत, पाणी वर चढवणारा पंप आहे आणि समितीनेच दिलेली एक उघड्यावरची व्यायामशाळाही. तिच्या दांड्यांवर गावभरच्या गोधड्या वाळत होत्या. प्रसाद फोटोसाठी अवघडून उभा राहिला, तेव्हा एक बाई म्हणाली, "फोटोपुरत्या काढते साहेब, मग परत टाकते." डोंगर चढून शेतात जाणाऱ्या बायांना व्यायाम हवा, हे कोणत्या मीटिंगमध्ये ठरलं, असं मी प्रसादला विचारलं. त्याने ऐकू न आल्यासारखं केलं.

जेवण सुनंदाच्याच घरी. बचत गट माणशी दोनशे रुपयांत जेवू घालतो. आदल्या दिवशी कळवावं लागतं आणि रोख न्यावे लागतात, कारण रेंज फक्त शाळेमागे येते. तांदळाची भाकरी, माशाचं कालवण, इंद्रायणीचा भात. आत्यांना माळ असल्यामुळे पिठलं. तात्याही पंगतीला होते. सुनेच्या हातचं कालवण त्यांनी तीनदा घेतलं. आत्यांनी विचारलंच, "हिच्या हातचं चालतंय व्हय तुम्हाला?" तात्या भात कालवत राहिले.

दुपारी वारा सुटला. पाण्यावर लाटा उठल्या आणि होडीवाल्याने वल्ही काढून घरी नेली. आता नेमकं तात्यांनाच पलीकडे जायचं होतं. लेकीच्या मुलीच्या लग्नाची सुपारी फुटायची होती आणि मामाकडचे वडीलधारे म्हणून हे जाणार होते. ते फेटा बांधून काठावर उभे. वारा थांबेना, सुपारी तर थांबणारच नव्हती.

सुनंदाने एक जॅकेट त्यांच्यासमोर धरलं.

"हे काय घालायचं? फेटा चुरगाळंल."

"फेट्याच्या खाली असतंय ते, तात्या."

परतीसाठी आम्ही आधीच नावेत चढलो होतो. तात्याही बसले, पण सुनेकडे पाठ करून. त्यामुळे ते थेट आत्यांच्या समोर आले. मध्यावर नाव चांगलीच हलायला लागली. या वेळी आत्यांचे डोळे उघडे होते, तात्यांचे मिटलेले. लाट आडवी यायची तेव्हा सुनंदा वेग कमी करायची, नाव तिरकी घ्यायची आणि मोठ्याने सांगायची, "आता जरा हलंल हां, तात्या." प्रत्येक वेळी तेवढंच हलायचं. पाणी एकदा अंगावर उडालं तेव्हा तात्यांनी मागे न बघता हात लांबवला. सुनंदाने डाव्या हाताने तो धरला आणि पैलतीरापर्यंत सोडला नाही. आत्यांच्या ओठांवर काहीतरी आलं होतं. पण त्यांनी ते गिळलं. आमच्या आत्यांनी!

पलीकडे टपरीवर एकाने विचारलं, "तात्या, एवढ्या वाऱ्यात कसं आलात?"

"सून आली की सोडायला," तात्या जॅकेट काढत म्हणाले आणि फेटा सारखा करून चालू लागले. सुनंदा मोटारीशी उगाचच खुडबुडत राहिली. डोळे पुसायला तिला तेवढाच आडोसा होता.

घरी आल्यावर आत्यांनी लातूरला फोन लावला. त्यांच्या सांगण्यात लाटा घराएवढ्या झाल्या होत्या आणि त्या स्वतः न घाबरता बसल्या होत्या. मी दुरुस्ती केली नाही. खरं सांगायचं तर बेट, पाणी, कालवण सगळं आवडलं, पण माझ्याजवळ राहिला तो मागे लांबवलेला हात.

पंधरवड्याने प्रसादला एका अनोळखी नंबरावरून फोन आला. तात्या शाळेमागे जाऊन बोलत होते. होडीवालासुद्धा आता बाजाराला नावेनेच जातो, म्हणाले. आणि त्या नावेवर समितीनं एक छत टाकून द्यावं.

"पावसाचं काय, आमी भिजू. पर पोरीला दिसभर ऊन लागतंय." मग आवाज खाली आला. "आन हे मी म्हनलो असं तिला सांगू नका."