अक्काचा गुरुवार

पहूरला माझ्या दोन ओळखी होत्या. घरच्यांच्या लेखी मी अर्धवट, आणि गावाच्या लेखी चालतंबोलतं पंचांग. दोन्ही खरं होतं, उगाच नम्रपणा कशाला.

आजोबांना अक्षर वाचता येत नव्हतं, पण नवं पंचांग घेतल्याशिवाय त्यांना पाडवा गोड लागत नसे. अशी चाळीसेक वर्षांची पंचांगं माळ्यावर पेटीत पडली होती. बाकीची पोरं विटीदांडू खेळायची तेव्हा मी ती वाचायचो, आणि एकदा वाचलेलं डोक्यातून हलत नसे. कुठल्याही सालातली तिथी सांगा, मी वार सांगायचो. समोरचा माणूस रागावलाय की हसतोय, हे मात्र मला कळत नसे. कुणी "जेवला का?" विचारलं की मी वांग्याच्या भाजीपासून ताकापर्यंत सगळं सांगत बसायचो, आणि तो बिचारा उन्हात उभा.

मला माणसांत आणायचं काम मोठ्या बहिणीनं, अक्कानं, अंगावर घेतलं होतं. "जेवला का म्हटलं का 'हो' म्हनायचं अन् गप बसायचं. तोंडाकडे पाहावत नसीन तं टोपीकडे पाह्य." मी टोप्यांकडे बघू लागलो. वर्षभरात गावातल्या सगळ्या टोप्या मला पाठ झाल्या. माणसं तशीच राहिली.

दुसऱ्या महायुद्धाच्या आधीची गोष्ट. अक्काचं लग्न जमत नव्हतं. तिचा जन्म कुणी लिहून ठेवला नव्हता. आई एवढंच सांगायची की त्या दिवशी कापसाची पहिली वेचणी चालू होती आणि संकष्टी होती. मग आबांनी, म्हणजे वडिलांनी, चारचौघांसारखी गुरुजींकडून पत्रिका बनवून घेतली. वय दोन वर्षांनी कमी, ग्रह सोयीचे, तिथी वैशाखातली, वार गुरुवार. गुरुजींकडे तितकं जुनं पंचांग नव्हतं. ते आमच्या माळ्यावर होतं, आणि मला कुणी विचारलं नाही.

पाचोऱ्याची मंडळी बघायला आली. मुलगी पसंत पडली. पाहुण्यांनी गंमत म्हणून मला चार तिथ्या विचारल्या, मी चारही वार सांगितले. वाहवा झाली आणि मला चेव आला. पाहुण्याच्या टोपीकडे बघत मी न विचारताच म्हणालो, "अक्काच्या पत्रिकेत गुरुवार आहे, पण त्या तिथीला मंगळवार होता."

ती टोपी आबांकडे वळली. मला वाटलं, थक्क झाले. पाहुणे चहा अर्धा ठेवून निघाले, तेव्हा मी त्यांना वेशीपर्यंत सोडायला गेलो आणि पुन्हा या म्हणालो.

घरी आलो तर आई रडत होती. आबा म्हणाले, "तुले कोनी इचारलं व्हतं?" मी म्हणालो, "कोनीच नाही." खरं तेच सांगितलं, तर मारायला धावले. अक्का ओरडली नाही. ती चुलीकडे तोंड करून बसली, आणि तीन दिवस तिनं मला काहीच शिकवलं नाही. माझ्यामुळे तिचं मोडलं, हे कळायला मला ते तीन दिवस लागले.

वर्षभरानं धुळ्याहून, देवपुरातलं स्थळ आलं. आबा मला शेतात पाठवणार होते. अक्का म्हणाली, "राहू द्या त्याले." मुलाच्या काकांपर्यंत माझी कीर्ती पोचली होतीच. "हाऊ पोऱ्या बठ्ठं पाठ करेल शे ना?" सगळं पाठ असलेला मीच ना, असं अहिराणीत विचारून त्यांनी दोन्ही पत्रिका माझ्यापुढे टाकल्या. वार बरोबर आहेत का, सांग म्हणाले.

मी आधी मुलाची पाहिली. लिहिला होता सोमवार. त्या तिथीला होता शुक्रवार. धुळ्याच्या गुरुजींकडेही जुनं पंचांग नसावं. मग अक्काची, तोच गुरुवार. मंगळवार आणि शुक्रवार दोन्ही जिभेवर येऊन बसले. दाराआड अक्काच्या बांगड्या वाजायच्या थांबल्या. मी टोपी सोडून मुलाच्या वडिलांच्या तोंडाकडे बघितलं. ते आबांच्या तोंडासारखंच दिसत होतं, ओठ कोरडे, नजर सतरंजीवर. दोघंही घाबरलेत, हे मला कुणी न सांगता कळलं. आयुष्यात पहिल्यांदा.

"दोन्ही बरोबर," मी म्हणालो.

छत्तीसातले तीस गुण जुळले. लग्न झालं.

सासरी निघताना अक्कानं मला बाजूला घेतलं. "त्यायचीबी खोटीच व्हती ना?"

"हो."

ती रडता रडता हसली. माझा हात तिनं धरला. मला कुणी हात लावलेला सोसत नसे, तिला ते माहीत होतं, तरी धरला. मी म्हणालो, "अक्का, तुझा खरा वार..."

"राहू दे. तू गुरुवार म्हनला ना? मंग गुरुवार."

वेचणी, संकष्टी आणि तिचं खरं वय यांवरून तो वार मी केव्हाच शोधून ठेवला होता. मी "हो" म्हणालो आणि गप बसलो.