कार्यक्रमांची हजेरी घेणाऱ्या काकू

भोकरदनला मी ज्यांच्या वरच्या खोलीत भाड्यानं राहत होतो, त्या काकू टीव्ही लावला की आधी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत. मग रिमोटवरचं गाइडचं बटण दाबून पडद्यावर उमटलेल्या कार्यक्रमांच्या वेळा मोठ्यानं वाचत आणि शाळेत हजेरी घ्यावी तशी एकेकाची हजेरी घेत. कार्यक्रम वेळेवर लागला की कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर पेन्सिलीनं बरोबरची खूण, नाही लागला की फुली. पहिल्या आठवड्यात मला वाटलं, बाई जरा चक्रम आहे.

फुल्याच जास्त असत. गाइडमध्ये शेतीचा कार्यक्रम असे आणि समोर कोणीतरी गुडघेदुखीचं तेल विकत असे. "पाटीवर लिव्हणारा बाबा दुसऱ्याच गावचा टीव्ही बघून राह्यला सर," काकू म्हणत. मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवणारा माणूस. मी त्यांना उपग्रह, प्रसारण, तांत्रिक कारणं असं बरंच समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि त्याच दिवसाच्या नावापुढे आणखी एक फुली मारली.

गल्लीतल्या बायका मालिकेची वेळ गाइडमध्ये न बघता काकूंना विचारायला येत. काकूंनी एकदा ग्राहक सेवेलाही फोन लावला. एक दाबा, दोन दाबा करून शेवटी एक मुलगी बोलायला मिळाली. ती म्हणाली, "मॅडम, वेळापत्रकात बदल होऊ शकतो." काकू कडाडल्या, "होऊ शकतो न्हाई बाई, झाला! झालेला बदल लिव्हायला कोणता मुहूर्त बघून राह्यले तुमी?" फोन कट झाला. काकूंनी परत लावला. मला वाटतं, त्या मुलीचा आवाज काकूंना आणि काकूंचा तिला पुढे चांगलाच ओळखू येत असणार.

या सगळ्यामागे अप्पा होते. अप्पा म्हणजे काकूंचे यजमान. आयुष्यभर शाळांतून खो-खो शिकवलेला माणूस, पण वर्षभरापूर्वी उजवं अंग गेलं आणि वाचाही गेली. दिवसभर पलंगावर पडून टीव्ही बघणं एवढंच उरलं होतं. हवं ते लागलं नाही की ते तोंड भिंतीकडे फिरवत. काकूंना ते सहन होत नसे.

त्या हिवाळ्यात त्यांची लेक शीतल राज्याच्या खो-खो संघात निवडली गेली. स्पर्धा कुठे लांब परराज्यात होती आणि टीव्हीवर दिसणार होती. लेकीला मोठ्या मैदानावर खेळताना अप्पांनी कधीच पाहिलं नव्हतं. काकू मला म्हणाल्या, "सर, एवढं एक ह्याहीला दाखवायचं. बाकी माझं काही मागणं न्हाई."

उपांत्य सामन्याच्या दिवशी काकूंना अप्पांना तपासणीला घेऊन जालन्याला जावं लागलं. मी म्हणालो, "काकू, बिनधास्त जा. गाइडमध्ये तीन ते साडेचार दिलंय, मी रेकॉर्डिंग लावून ठेवतो." सेट-टॉप बॉक्सच्या खोक्याला पेन ड्राइव्ह जोडला, सामन्याच्या नावावर बटण दाबलं आणि मी शाळेत गेलो. संध्याकाळी आम्ही अप्पांना बसतं करून ते लावलं, तर दीड तास नुसतं भरतनाट्यम्! सामना उशिरा सुरू झाला होता आणि खोक्यानं गाइडबरहुकूम साडेचारलाच रेकॉर्डिंग थांबवलं होतं. अप्पांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. काकू एवढंच म्हणाल्या, "चला, जेवून घ्या." त्यांनी मला शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

शीतलचा संघ जिंकला होता, म्हणून अंतिम सामना मिळाला. तो रविवारी होता. गाइडमध्ये मात्र सामन्याचं नावच नव्हतं. दुपारभर पाककृती, मग जुना सिनेमा. शेजारचे म्हणाले, दाखवणारच नाहीत, कशाला डोळे फोडता? काकूंनी पदर खोचला. "मी सकाळधरून बसते. कव्हा न कव्हा लागंलच की. न्हाई लागलं तं माझे डोळे गेले, तुमचं काय गेलं?"

अकरा वाजता त्या पलंगाशेजारी पाट टाकून बसल्या. वीज गेली तर म्हणून माझ्याकडून शाळेतला इन्व्हर्टर मागवून ठेवला होता. रिमोटला कोणाला हात लावू देईनात. बारा वाजले, एक वाजला. पडद्यावर कोणीतरी ढोकळा करत होतं. मीच कंटाळून म्हणालो, "काकू, दुसरीकडे लागलंय का बघू?" "बिलकुल न्हाई," त्या म्हणाल्या. जेवणही त्यांनी तिथंच केलं, नजर न काढता.

दोन वाजून गेल्यावर ढोकळा अर्ध्यावर तुटला आणि एकदम मैदान दिसलं. खालच्या पट्टीवर अजून पाककृतीच लिहिलेलं. काकूंनी अप्पांच्या पाठीशी उशा लावल्या, माझ्याकडे एकदाच बघितलं आणि म्हणाल्या, "बसा गप." मी बसलो. सामना आम्ही तिघांनी पहिल्या शिट्टीपासून शेवटच्या शिट्टीपर्यंत पाहिला. शीतलचा संघ एका गुणानं हरला. काकू तरीही टाळ्या वाजवत होत्या.

अप्पा त्यानंतर पंधरा दिवसांनी गेले. शीतल सरावाच्या शिबिरातून थेट आली, तिची आणि त्यांची भेट झाली नाही. दहाव्यानंतर ती जिन्यात मला गाठून म्हणाली, "सर, खरं सांगा. अप्पानं मॅच बघितली का? आई म्हणती बघितली, पण ती मला बरं वाटावं म्हणून काही बी म्हणल."

मी म्हणालो, "बघितली. मी शेजारीच होतो. दुसऱ्या डावात खांबापाशी ती उंच मुलगी तुझ्या हाताखालून निसटली ना, तेव्हा अप्पांनी डावा हात पलंगावर दाणकन आपटला. आणि वर्षभरात पहिल्यांदा एक शब्द बोलले."

"काय?"

"वाक!"

शीतल जिन्यातच खाली बसली. हसता हसता तिला रडू फुटलं. "चौथीपासून हेच ओरडून राह्यले मला," ती म्हणाली. "बघितली मंग त्याहीनं."