गोकाकला पोहोचलो, पण दार उघडेना

गिअरच्या दांड्याचं पितळी बुश. सायलेन्सरचा क्लॅम्प. दाराखालची घडीची पायरी. मधल्या सीटच्या जागी फिरणारी खुर्ची. आणि सरकत्या दाराचा खालचा रोलर, पोलादाचा, पाणी पाजून कडक केलेला. आमच्या सत्त्याण्णव सालच्या व्हॅनमध्ये एवढं माझ्या हातचं आहे. लेथ मला कुणी शिकवला नाही. उद्यमनगरात दुसऱ्यांच्या मशीनपुढं उभा राहून बघितला, मग स्वतःचा घेतला.

पायरी आणि खुर्ची आईसाठी. तिचे गुडघे वाकत नाहीत. माझ्या धाकट्या भावानं, शिवानं, नवी कार घेतली तेव्हा तिला आत बसवून बघितलं, तर डोकं छताला आणि पाय बाहेर. व्हॅनमध्ये ती पायरीवर उभी राहते, खुर्चीला टेकते, मी खुर्ची आत फिरवतो. झालं.

आईला गोकाकच्या बहिणीला भेटायचं होतं. सहा वर्षांत गाठ नव्हती. शिवा म्हणाला, "दादा, ने की. पर वाटंत दगा दिला तर आल्यावर गाडी इकायची. आवारात दोन गाड्या मावत न्हाईत." गाडी गेली की आईचं उंबऱ्याबाहेर पडणंही संपलं, हे त्यालाही कळत होतं. तरी मी म्हटलं, ठरलं.

अकरा वर्षांची गाडी लांब न्यायची तर आधी तीन गोष्टी बघा: रेडिएटरचे पाइप, फॅनबेल्ट, क्लच केबल. पाइप दाबून बघायचे. चरचर वाजले तर बदलायचे, दिसायला कितीही चांगले असोत. इंजिन पुढच्या सीटखाली असल्यामुळं पाणी उकळलं की पहिली खबर बसणाऱ्यालाच लागते. तिथं माझी बायको सुमन बसते.

नोव्हेंबरात सकाळी निघालो. कागल, निपाणी, संकेश्वर हा हायवे झकास. संकेश्वरला इडली-वडा आणि चहा, तिघांचे पन्नास रुपये. तिथून हायवे सोडून हुक्केरी, घटप्रभामार्गे गोकाक. हा रस्ता अरुंद, उसाच्या ट्रॉल्यांनी भरलेला. ताशी चाळीसच्या वर गेलो नाही. पाण्याचा काटा मध्याच्या रेघेवरून हलला नाही. मी खुशीत होतो.

मावशीला आम्ही चिक्कव्वा म्हणतो, म्हणजे धाकटी आई. ती भाकरतुकडा घेऊन दारात उभी. मी दार ओढलं. चार बोटं सरकलं आणि अडकलं. पुढं नाही, मागं नाही.

खाली झोपून बघितलं. माझा रोलर जसाच्या तसा, ओरखडा नाही. पण तो ज्यावरून धावतो ती खालची पट्टी त्यानं खाऊन पात्यासारखी केली होती, ती दुमडली आणि रोलर तिच्यात रुतला. मूळचा नायलॉनचा असतो तो दोन वर्षांत झिजतो म्हणून मी पोलादाचा केला. झिजायचा मान त्याचा होता, तो मी पट्टीला दिला. उजवं दार गंजल्यावर मीच वेल्डिंगनं बंद केलेलं. आणि रोलरच्या ब्रॅकेटचे बोल्ट बरोबर माझ्या खुर्चीच्या बैठकीखाली. खुर्चीवर आई.

पुढून आत शिरलो. पाना आठवा हिस्सा फिरायचा, काढायचा, परत लावायचा. बाहेर चिक्कव्वा खिडकीशी आली. तिथूनच ओवाळलं, तिथूनच चहा दिला.

"अक्का, तू आत, मी भाईर. लगीन लागतंय जणू, मधी अंतरपाट."

"आणि भटजी बघा की, खुर्चीखाली झोपलाय," सुमन म्हणाली.

"लागू दे त्याला येळ," आई म्हणाली. "दार काय पळून जातंय व्हय? तू बोल. तुझ्या डोळ्याचं आपरेशन झालं, मला का कळवलं न्हाईस?"

मग आवाज खाली गेले. अर्धं कानडी, अर्धं मराठी. मध्येच दोघींची नाकं ओढल्याचे आवाज आले. मी पाना फिरवत राहिलो. दीड तासानं ब्रॅकेट सुटलं.

आई उतरल्यावर पट्टी ठोकून सरळ केली. रोलर मात्र मऊ हवा होता. चिक्कव्वानं स्वयंपाकघरातून शिसवी लाटणं आणलं. "ह्ये घे. सून भाकरी थापतीया, चपातीला कोण इचारतंय?" हॅकसॉनं चकती कापली, हातड्रिलनं भोक पाडलं, तेल चोळलं. दार बोटानं सरकलं.

दुसऱ्या दिवशी धबधबा. झुलत्या पुलावर सुमन गेली. आई खुर्ची बाहेर वळवून पाणी बघत बसली. करदंट, म्हणजे इथली डिंक-सुक्यामेव्याची वडी, घ्या, गुळाचं घ्या. घरचं जेवण सांगण्यासारखं: ज्वारीची कडक भाकरी, भरली वांगी, शेंगदाण्याची चटणी.

परतताना निपाणीला चहाला थांबलो. आई पायरीवरून उतरली. शेजारच्या कारमध्ये एक म्हातारे बसल्या जागी चहा पीत होते. त्यांचा मुलगा आमची पायरी वाकून बघायला लागला. "पावणं, गाडी द्यायची हाय काय? आप्पांनी चार वर्सं हाटेलात बसून चहा प्याला न्हाय." मी त्याला पायरीचं माप कागदावर काढून दिलं, खुर्चीचंही.

येऊन-जाऊन पेट्रोल साडेआठशेचं. दुरुस्ती, एक लाटणं.

घरी शिवानं विचारलं, "दिला का दगा?" मी सगळं सांगितलं. ठरलं होतं ते ठरलं होतं.

आई म्हणाली, "दिला की. दारानं. म्हणून तर बोलाय मिळालं. घरात गेल्यावर सारी गल्ली गोळा झालती."

सकाळी शिवाची कार गल्लीत उभी होती आणि आवार व्हॅनला मोकळं.

आता नायलॉनचा रोलर लेथवर टर्न करून बसवलाय. चकती डॅशबोर्डच्या खणात आहे, अडीअडचणीला. चिक्कव्वाला शिसवीचं नवं लाटणं पाठवलं, माझ्याच लेथवरचं. वरच्या यादीत ते धरा.

निपाणीच्या पावण्यानं आकडाही बोलला होता. बाजारात गाडीचे पस्तीस हजार येतात. शिवाला मी अजून सांगितलेलं नाही, त्यानं इथंच वाचावं. पंचाहत्तर हजार, रोख. मी नको म्हटलं.